रातकिडा, चिचुंद्री आणि निरीक्षणवही

इस्पितळाच्या लाँड्रीत मावशींचा शब्द चालायचा. कुठल्या वॉर्डाचं गाठोडं कुठल्या गाडीतून आलं, कुठला डाग आधी गार पाण्यात भिजवायचा, कुठल्या पिशवीला हातमोजे घातल्याशिवाय शिवायचंसुद्धा नाही, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. नवीन माणूस कामावर आला की पहिले आठ दिवस तो मावशींच्या मागे मागे फिरायचा, आणि मगच यंत्राला हात लावायचा. पण कागदावर मावशी एकोणीस वर्षांपूर्वी जिथं होत्या तिथंच होत्या. मदतनीस.

लाँड्रीप्रमुखाची जागा रिकामी झाली तेव्हा मोठ्या सिस्टरनी त्यांना खोलीत बोलावून घेतलं.

"मावशी, माझ्या हातात असतं तर आजच सही करून टाकली असती. पण शाळेचं शेवटच्या वर्षाचं सर्टिफिकेट लागतं. तुमचं शिक्षण किती झालंय?"

"सातवी," मावशी म्हणाल्या. मग खरं सांगावं म्हणून पुढं म्हणाल्या, "परीक्षा नव्हती दिली. पण वर्गात होते."

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी खणातून एक फॉर्म काढला. मोठ्या माणसांना घरी अभ्यास करून बाहेरून परीक्षेला बसता येतं, त्याचा तो फॉर्म होता. "वर्षभर ही जागा हंगामी ठेवते मी," त्या म्हणाल्या. "पुढचं तुमच्या हातात."

अशा रीतीनं वयाच्या बावन्नाव्या वर्षी मावशी विद्यार्थिनी झाल्या. ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नाही. मुलगा दूरच्या एका पुलाच्या कामावर क्रेन चालवायचा आणि तीन-तीन महिन्यांनी घरी यायचा. त्याला फोनवर काय सांगणार? आणि घरात होती ती सून. तिला सांगायचा तर प्रश्नच नव्हता.

सून घरात येऊन चार महिने झाले होते. चष्म्याच्या एका दुकानात मागच्या बाजूला बसून ती भिंगं घासायची. सकाळी साडेनऊला जायची, संध्याकाळी साडेसातला यायची. मुलगी वाईट नव्हती. दोघींचं कधी भांडणही झालं नव्हतं, पण भांडायला आधी बोलावं लागतं. "आई, चहा ठेवू?", "ठेव." "आई, दार लावलं." "बरं." इतक्यात दिवस संपायचा. मावशींच्या मनात तिच्याविषयी एकच अढी होती. अंधार पडला की ही पोरगी मागच्या अंगणातल्या मोरीकडे फिरकायची नाही. जेवणं झाली की भांडी तशीच ओट्यावर रचून ठेवायची आणि सकाळी उजाडल्यावर घासायची. कामात टंगळमंगळ करणारी माणसं मावशींना लाँड्रीतही खपत नसत. पण नव्या सुनेला पहिल्याच वर्षी काय बोलायचं, म्हणून त्या गप्प होत्या.

पुस्तकं त्यांनी पेटीत ब्लँकेटांच्या खाली ठेवली होती. दुपारी दोनला पाळी सुटायची, तीनला त्या घरी यायच्या. मग सून येईपर्यंतचा वेळ त्यांचा. भाषा, इतिहास जमत होतं. गणिताचं पुस्तक त्या उघडायच्या आणि काहीतरी काम आठवल्यासारखं करून मिटून टाकायच्या. विज्ञानात मात्र वीस गुणांची एक निरीक्षणवही करायची होती. विषय छापून आला होता : आपल्या परिसरातील एक कीटक आणि एक लहान सस्तन प्राणी निवडा, चौदा दिवस निरीक्षण करा, आणि वर्गीकरण व अधिवास या दोन मुद्द्यांवर त्यांची तुलना करा.

अधिवास म्हणजे काय हे शोधायला त्यांना अर्धा तास लागला. राहण्याचं ठिकाण. मग तसं म्हणायला काय झालं होतं, असं त्यांना वाटलं. वर्गीकरण मात्र त्यांना वाचल्याबरोबर कळलं. आधी ढीग वेगळे करायचे, मग ढिगातले ढीग. आयुष्यभर दुसरं काय केलं होतं त्यांनी?

प्राणी शोधायला कुठं जावं लागलं नाही. स्वयंपाकघरातल्या ओट्यामागे, जिथं गरम पाण्याचा पाइप भिंतीत शिरतो तिथं एक रातकिडा राहत होता. दिवेलागणीला तो सुरू व्हायचा. आणि मोरीच्या भिंतीला, सांडपाण्याच्या नळीशेजारी एक बीळ होतं. त्यातून संध्याकाळी एक लांब नाकाची चिचुंद्री निघायची, भिंत न सोडता स्वयंपाकघरापर्यंत यायची आणि चुकचुक करत परत जायची. इतकी वर्षं मावशींनी तिला उंदीर समजून झाडूनं हाकललं होतं. पुस्तकात पाहिलं तर उंदीर आणि खार एका गणात, आणि चिचुंद्री भलत्याच गणात निघाली. उंदीर कुरतडणारा, ही कीटक खाणारी. हिचे दात सुयांसारखे बारीक, त्यांनी काही कुरतडता येत नाही.

"म्हणजे माझ्या गोधडीला भोक पाडणारा दुसराच कुणीतरी होता," मावशी स्वतःशीच म्हणाल्या, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा त्यांनी झाडू हातात घेतला नाही.

चौथ्या दिवशीची गोष्ट. मावशी स्वयंपाकघराच्या फरशीवर पालथ्या पडून, गाल जमिनीला टेकवून, एका हातानं टॉर्च धरून ओट्याखाली बघत होत्या. रातकिड्याला मिशा किती लांब असतात ते त्यांना मोजायचं होतं. आणि नेमकी त्या दिवशी दुकानातली वीज गेल्यामुळं भिंगांची यंत्रं बंद पडली, आणि सून दोन तास आधी घरी आली.

"आई, काय झालं? पडलात का?" ती दारातूनच धावत आली.

"नाही गं. पडते कशाला." मावशी गडबडीनं उठून बसल्या. पदराला धूळ, केसांत कोळिष्टक. वही त्यांनी मांडीखाली सरकवली. "सुई पडली हातातली. ती शोधतेय."

"थांबा, मी बघते. माझे डोळे तयार आहेत बारीक कामाला."

आणि सुनेनं पर्ससुद्धा खाली न ठेवता, खांद्याला तशीच लटकवून फरशीवर गुडघे टेकले. आधी तिनं हातानं चाचपडलं. मग टॉर्च आडवा धरला, म्हणजे सुई चकाकली असती. मग झाडू घेऊन कोपऱ्यातली सगळी धूळ एका कागदावर गोळा केली आणि ती चिमटीचिमटीनं चाळत बसली. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. मावशी दोनदा म्हणाल्या, "जाऊ दे गं, दुसरी आहे." ती म्हणाली, "तुमच्या पायात शिरली म्हणजे? अनवाणी फिरता तुम्ही घरात."

मावशींना कसंतरीच झालं. दिवसभर भिंगं घासून आलेली ही मुलगी, डोळे लाल झालेले, आणि जी सुई जगातच नाही ती शोधतेय. आपण मात्र वर बसून बघतोय.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "सुई नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे पडलीच नाही. मी खोटं बोलले."

सुनेनं धुळीचा कागद खाली ठेवला. मावशींनी मांडीखालून वही ओढून काढली आणि तिच्यापुढं ठेवली. वहीवर त्यांचं नाव होतं, इयत्ता होती, आणि खाली ठळक अक्षरांत विषय. सुनेनं पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. ती आता हसेल, या भीतीनं मावशींनी उगाच पदर झटकायला घेतला.

"कान गुडघ्यात असतात याचे?" सुनेनं विचारलं. "खरंच?"

"पुढच्या पायांच्या गुडघ्याच्या जरा खाली. पुस्तकात तसं दिलंय. आपल्यात कुणाकुणाची अक्कल गुडघ्यात असते, याचे कान तिथं." मावशींना आपण बोलतोय याचंच नवल वाटलं. "आणि गातो तो तोंडानं नाही. पंखावर पंख घासून. मादी गात नाही. ती नुसती ऐकते."

"मला का नाही सांगितलंत, आई?"

"काय सांगायचं? म्हातारी शाळेत जायला लागली म्हणून?"

सुनेनं वही मांडीवर घेतली. तिनं पान उलटलं, आणि 'सस्तन प्राणी' हे शब्द वाचून तिचा हात थांबला. "ही मोरीत असते ना? मी तिला पहिल्याच आठवड्यात पाहिलं होतं." मग वहीकडेच बघत ती म्हणाली, "मला उंदरांची फार भीती वाटते. लहानपणी झोपेत पायाला चावला होता एक. अंधार पडला की मागच्या अंगणात जायला माझे पायच उचलत नाहीत. तुम्हाला वाटत असेल, ही आळशी आहे."

मावशींना तसंच वाटत होतं. चार महिने रोज रात्री ओट्यावरची भांडी बघून तसंच वाटत होतं. ते कबूल करायचं धैर्य त्यांना झालं नाही. त्यांनी फक्त वही आपल्याकडे ओढली आणि एका रकान्यावर बोट ठेवलं.

"हे वाच. उंदीर नाही ती. गण कीटकभक्षी. नजर इतकी अधू, की भिंत सुटली तर तिला रस्ता सापडत नाही. ती तुला काय चावणार? तिलाच तुझी भीती."

"माझी भीती पुस्तक वाचून नाही जाणार, आई."

"नाही गेली तर नाही. भांडी मी घासेन. तू मला शेकडेवारी शिकव."

दुसऱ्या दिवशी सुनेनं दुकानातून एक भिंग आणलं. कडेला चरा पडल्यामुळं ते बाद झालेलं होतं, पण मधून स्वच्छ होतं. त्यातून रातकिड्याच्या मिशा दोरीसारख्या दिसत. मग तर रोजचा नेमच झाला. दुकानातून आली की सून हातपाय धुवून ओट्यापाशी बसायची आणि मावशींनी संध्याकाळी पेन्सिलीनं खरडलेल्या नोंदी बघायची. ऱ्हस्व-दीर्घाच्या बारीक चुका काढायची, पण वाक्याला हात लावायची नाही. एकदा मावशींनी लिहिलं होतं, 'रातकिडा आज उशिरा सुरू झाला, कारण माहीत नाही, बहुतेक मन नसेल.' ते वाचून ती पोट धरून हसली, आणि म्हणाली, "हे राहू दे."

कीटक : अपृष्ठवंशीय, संघ संधिपाद, पाय सहा, सांगाडा अंगाबाहेर. अधिवास : ओट्यामागची फट, कोरडी, उबदार. सस्तन प्राणी : पृष्ठवंशीय, पाय चार, अंगावर केस, सांगाडा आत. अधिवास : मोरीजवळचं बीळ, ओलसर, गार. मावशींनी पट्टीनं रेघा मारून तक्ता आखला होता, आणि तो दिवसेंदिवस भरत चालला होता.

नवव्या दिवशी घात झाला. संध्याकाळी मावशी एकट्याच होत्या. रातकिडा नुकता रंगात आला होता. चिचुंद्री नेहमीसारखी भिंतीच्या कडेनं आली, नाक वर करून तिनं वास घेतला, आणि नेहमीच्या जागी वळायच्या ऐवजी सरळ ओट्यामागे शिरली. आवाज मध्येच तुटला. थोड्या वेळानं ती बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडात रातकिड्याचा मागचा पाय होता.

सून घरी आली तेव्हा मावशी वही मिटून बसल्या होत्या.

"गेला," त्या म्हणाल्या.

"कोण गेलं?" सुनेचा चेहराच उतरला.

"कीटक. तिनं खाल्ला."

सुनेला हसू आवरेना, आणि मावशींचा चेहरा बघून ते दाबताही येईना. मग ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "आई, पाचच दिवस राहिलेत. दुसरा पकडून आणू. नाहीतर तसंच लिहून टाका, कोण येतंय बघायला?"

"तसं कसं लिहायचं?" मावशी म्हणाल्या. "लाँड्रीत मी न उकळलेल्या चादरीवर उकळली म्हणून खूण केली तर? कोण येतं तिथं बघायला? पण त्या चादरीवर कुणीतरी झोपतंच ना." त्यांनी वही उघडली आणि नवव्या दिवसाच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं : 'कीटकाचे निरीक्षण येथे संपले. सस्तन प्राण्याने खाल्ला.' पुढचे पाच रकाने त्यांनी रिकामे सोडले.

तेराव्या दिवशी मावशी सकाळच्या पाळीला गेलेल्या होत्या. दुपारी घरी आल्या तर ओट्यावर वही उघडी ठेवलेली, आणि त्यात एक सुटं पान. अक्षर सुनेचं होतं, नेहमीचं टपोरं, पण ओळी वरखाली गेलेल्या.

'आज सकाळी आठ वाजता शेजाऱ्यांनी टाकी धुतली. मोरी तुंबली आणि पाणी बिळात शिरलं. मी चहा ठेवत होते. चिचुंद्री स्वयंपाकघरात आली. तिच्यामागे पिल्लं होती. पहिल्यानं तिच्या शेपटीजवळचे केस तोंडात धरले होते, दुसऱ्यानं पहिल्याचे, तिसऱ्यानं दुसऱ्याचे. चौथं सगळ्यांत लहान. एक आगगाडीच. भिंतीच्या कडेनं चालली होती. माझा पाय भिंतीला लागून होता. मला ओरडायचं होतं, पण ओरडले असते तर त्यांची साखळी तुटली असती आणि आईंच्या वहीत हे आलं नसतं. म्हणून मी पाय न हलवता उभी राहिले. ती थांबली, तिनं माझ्या अंगठ्याचा वास घेतला, आणि वळसा घालून ओट्यामागे रातकिड्याच्या फटीत गेली. चौथ्याच्या तोंडातले केस सुटले होते. त्यानं चुकचुक केलं तेव्हा आई मागे आली आणि त्याला घेऊन गेली. चहा उतू गेला. हे मी पाहिलं, आईंनी नाही. मी त्यांची सून.'

खाली तिनं सही केली होती.

मावशींनी ते पान उभ्यानंच वाचलं, मग बसून वाचलं. शेगडीवर उतू गेलेल्या चहाचे डाग तसेच वाळलेले होते. शेगडी घासायला न थांबता सून थेट दुकानात गेली असणार. मावशींनी शेगडी घासली. मग दुकानात फोन केला. इतक्या महिन्यांत त्यांनी तिथं कधी फोन केला नव्हता.

"आई? काय झालं?"

"काही नाही. जेवलीस का?"

"जेवले."

"बरं. पाय कसा आहे?"

"पायाला काय झालंय?" सून हसली. "नुसता वास घेतला हो तिनं. जरासं गुदगुल्यांसारखं झालं."

तोंडी परीक्षेला सून रजा काढून बरोबर आली आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिली. परीक्षक म्हातारे गृहस्थ होते, सर्दीनं बेजार. त्यांनी वहीची पानं उलटली, नवव्या दिवसापाशी थांबले, चष्मा काढून पुसला, आणि परत वाचलं.

"हे पाच रकाने रिकामे का?"

"कीटक नव्हता, सर."

"हं. आणि हे अक्षर कुणाचं?"

"सुनेचं. मी कामावर होते."

"निरीक्षण विद्यार्थ्यानं स्वतः करायचं असतं. या पानाचे गुण मला देता येणार नाहीत."

"नका देऊ," मावशी म्हणाल्या. "पण पान काढायला सांगू नका. तिला फार भीती वाटते, तरी ती उभी राहिली."

परीक्षकांनी पान होतं तिथंच राहू दिलं. "बरं, आता तुम्ही सांगा. वही न बघता. दोघांत मुख्य फरक काय?"

मावशींनी पाठ केलेलं सांगायला सुरुवात केली. संघ, वर्ग, गण, पाय, सांगाडा. मध्येच त्या अडखळल्या. संधिपाद हा शब्द आला आणि गेला, परत येईना. मग त्यांनी पाठांतराचा नाद सोडला.

"सर, राहतात दोघं एकाच घरात. कुणीच उजेडात येत नाही. पण रातकिड्याची मादी अंडी घालते आणि निघून जाते. पिल्लं बाहेर येतात ती ज्याची त्याची. त्यांना आई कशी असते तेच माहीत नसतं. ही तसं करत नाही. ही दूध पाजते. आणि घरात पाणी शिरलं, तर सगळ्यांना बरोबर घेऊन निघते. एखाद्याचं सुटलं तर मागे येते. माझ्या मते हाच मोठा फरक आहे. बाकी पायांची संख्या वगैरे आहेच."

परीक्षकांनी रुमालात नाक शिंकरलं, वहीवर काहीतरी लिहिलं, आणि पुढच्याला बोलवायला सांगितलं.

निकालाच्या दिवशी खिडकीपाशी मोठी रांग होती. खिडकीतल्या माणसानं सुनेकडे बघून विचारलं, "तुमचा बैठक क्रमांक?" सून बाजूला झाली आणि मावशींनी आपली चिठ्ठी पुढं केली. झाडाखालच्या कट्ट्यावर बसून दोघींनी गुणपत्रक वाचलं. विज्ञानात एकोणसत्तर. प्रात्यक्षिकात वीसपैकी पंधरा. गणितात एकतीस.

"चारनं गेलं," सून म्हणाली. "मी शिकवण्यात कमी पडले."

"तू कशाला कमी पडतेस? शेकडेवारीची दोन्ही बरोबर आली होती. त्या त्रिकोणांनी दगा दिला." मावशींनी कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली. "चल, चहा घेऊ."

चहा प्यायला बसल्या तोच मुलाचा फोन आला. सुनेनं दोन शब्द बोलून फोन मावशींच्या हातात दिला. क्रेनच्या केबिनमधून बोलत असावा, वारा जोरात ऐकू येत होता.

"आई, कशा आहात दोघी? काय विशेष?"

"गणितात नापास झाले," मावशी म्हणाल्या.

"कोण?"

"मी. बाकी सगळ्यात पास."

मग त्यानं विचारलं, "आई, तू काय बोलतेयस?"

मावशी सगळं पहिल्यापासून सांगायला लागल्या. सिस्टरांचा फॉर्म, पेटीतली पुस्तकं, नसलेली सुई. अर्ध्यावर त्यांच्या लक्षात आलं की सून टेबलावर बोटानं त्रिकोण काढतेय आणि त्यांच्या कोनांना नावं देतेय. मावशींनी फोन खांद्यात धरला आणि एका कोनावर बोट ठेवलं. "हा किती?" त्यांनी भुवयांनीच विचारलं. सुनेनं सहा बोटं वर केली, मग मूठ मिटून शून्य दाखवलं, आणि मावशींचा चहा गार होऊ नये म्हणून त्यावर बशी झाकली.

पुढच्या सत्रात मावशींना गणितात त्रेचाळीस मिळाले. सिस्टरनी शब्द पाळला होता. लाँड्रीप्रमुख म्हणून पहिल्या दिवशी जाताना सुनेनं त्यांच्या नव्या कोटाचं वरचं बटण लावून दिलं, आणि मावशींनी तिला ते लावू दिलं.